फुकट पाण्याचे एकोणीस दिवस

बोअर ताब्यात घेतल्याचा कागद माझ्या स्टार्टरच्या पेटीवर चिकटवला, तेव्हा मी येडशीला गेले होते. एका गिऱ्हाइकाच्या मोटारीसाठी तांब्याची तार आणायला. परत आले तर माझ्या कुलपाच्या जागी दुसरं कुलूप, त्याला लाख लावलेली, आणि वर कागद. बोरखडी गावातल्या पाणीटंचाईमुळं सदर खाजगी विंधन विहीर आजपासून पावसाळा लागेपर्यंत शासनाकडं अधिग्रहित. खाली गोल शिक्का.

मी तो कागद तीनदा वाचला. शिव्या मला कमी येत नाहीत. धाराशिवला मोटारी भरायच्या, म्हणजे जळक्या मोटारींत नवी तार गुंडाळायच्या, दुकानात चौदा वर्षं मी पुरुषांच्या बरोबरीनं काम केलंय. पण त्या वेळी एकही शिवी पुरेशी वाटेना.

ही बोअर कशी झाली ते आधी सांगते.

आमची जमीन एक एकर, गावाच्या खालच्या अंगाला, बौद्धवस्तीला लागून. सातबारा माझ्या वडलांच्या नावावर. त्यांचं नाव नानासाहेब, मी त्यांना आबा म्हणते. नवऱ्याचं घर सोडून मी परत आले तेव्हा दुकानात जमवलेला सगळा पैसा त्या जमिनीत घातला. पहिली बोअर घेतली, कोरडी गेली. चारशे फुटांपर्यंत नुसती पांढरी धूळ. दुसरीही तशीच. लोक बघायला जमायचे, तंबाखू मळत उभे राहायचे आणि 'बाईमाणसाला कुणी सांगितलेत हे उद्योग' म्हणत निघून जायचे. अनुदानाचा अर्ज केला होता, तो अजून कुठल्या तरी फायलीत असेल. तिसऱ्या वेळी आईच्या पाटल्या मोडल्या. चारशे ऐंशी फुटांवर पाणी लागलं.

त्या दोन कोरड्या बोअरी माझ्या एकटीच्या होत्या. त्यात कुणी वाटा मागितला नाही. तिसरी मात्र गावाची निघाली.

मी पाणी विकायचे, हे लपवत नाही. रस्त्याच्या कडेला टाकी बांधली, दोन तोट्या बसवल्या, भिंतीवर पैसे भरायचा क्यूआर कोड लावला. रुपयाला घागर. बोअरचं दुखणं मला माहीत होतं, कारण मोटारीचा आवाज मला कळतो. चाळीस मिनिटं उपसा केला की आवाज बदलायचा, पाणी तुटायला लागायचं. मग मोटार बंद करून दोन तास थांबायचं. खाली पाणी पुन्हा साचायचं. कुठल्याही अधिकाऱ्याच्या पुस्तकात ही चाळीस मिनिटं लिहिलेली नव्हती. ती मी रोज पेटीजवळ बसून शिकले होते.

मार्चात ती चाळीसची तीस झाली. मी दोन रुपये केले. एप्रिलात वीस झाली. मी तीन केले.

गावात बोंब उठली. वरच्या आळीचा लिंबाजी तोटीवर येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "श्रावस्ती, दुष्काळात भाव वाढवतीस? लाज वाटाय पायजे."

"लिंबाजीभाऊ, म्हशी किती पाण्यानं धुता?"

"म्हशीचा काय संबंध?"

"रुपया होता तवा तुम्ही रोज आठ घागरी म्हशीवर ओतत होता. म्या बघत हुते की."

तो चिडून गेला. पण दुसऱ्या दिवसापासून म्हशी ओल्या पोत्यानं पुसायला लागला. बायका भांड्यांचं पाणी झाडाला घालू लागल्या. आणि आणखी एक गोष्ट झाली, जी मी ठरवली नव्हती, कुणीच ठरवली नव्हती. माळावर शांतलिंग नावाचा एक शेतकरी आहे. त्याच्या बोअरला करंगळीएवढी धार. इतक्या पाण्यासाठी डिझेल जाळून ट्रॅक्टर गावात आणणं त्याला परवडत नव्हतं. तीन रुपये भाव झाल्याचं ऐकलं आणि तो टाकी जोडून सकाळ-संध्याकाळ गावात यायला लागला. दोन ठिकाणी पाणी मिळतंय म्हटल्यावर माझ्या तोटीवरची गर्दी निम्मी झाली. बोअरला उसंत मिळाली. मी भाव अडीच केला.

एक म्हातारी होती, पुतळामावशी. एकटी, गुडघे गेलेले. तिला दोन घागरी मी तशाच द्यायचे. मी कुणाला सांगत नव्हते, तीही सांगत नव्हती.

हे असं चाललं होतं. कुणी उपाशीतापाशी नव्हतं, कुणी तहानलेलं नव्हतं. आणि मग तो शिक्का.

तलाठी गौरीशंकर अजून गावातच होता. ग्रामपंचायतीत, पंख्याखाली, सरपंच रणधीरच्या शेजारी चहा पीत. मी कागद फाडून हातात घेऊनच आत गेले.

"हे काय आहे?"

"शासकीय कागद फाडला तुम्ही," गौरीशंकर म्हणाला. "गुन्हा आहे तो."

"माझ्या पेटीला लाख लावणं गुन्हा न्हाय?"

"ताई, बसा. पाणीटंचाईत खाजगी बोअर घ्यायचा अधिकार आहे आम्हाला. त्याचं ठरलेलं भाडं मिळेल तुम्हाला."

"किती? आणि कधी?"

"दर ठरलेला आहे. मंजुरी आली की मिळेल."

"ठरवला कुणी? म्या तर न्हाय ठरवला. सौदा दोघांचा असतोय ना?"

रणधीर हसला. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. "श्रावस्तीताई, तीन-तीन रुपयानं घागर इकली तुमी. तक्रारी गेल्यात वरपर्यंत. आता गावाला फुकट पाणी मिळणार. पाणी काय कुणाच्या बापाचं असतंय का?"

"पाणी नसंल. चारशे ऐंशी फुटाचं भोक माझ्या बापाच्या जमिनीत हाय आणि माझ्या घामाचं हाय. तुमच्या बापानं तिथं कुदळ तरी मारली का?"

"जीभ सांभाळा," गौरीशंकर म्हणाला. मग फाइल उघडून माझ्यासमोर सरकवली. "आणि जमीन तुमच्या नावावर नाही. ज्यांच्या नावावर आहे त्यांनी संमती दिलीय."

खाली आबांची सही होती. नानासाहेब. प्रत्येक अक्षर वेगळं काढलेलं, जसं ते प्रौढांच्या शाळेत शिकले तसं.

मी घरी कशी आले आठवत नाही. आबा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. मी कागदाचे तुकडे त्यांच्यापुढं टाकले.

"तुम्ही सही केली?"

"केली." त्यांनी मान वर केली नाही. "तूच तर दरवेळी म्हणतीस, खोटं बोलू नये. केली."

"मला इचारलं न्हाय?"

"तू न्हाय म्हणाली असतीस."

"मग न्हायच म्हणायचं हुतं ना!" माझा आवाज अख्ख्या वस्तीत गेला असेल. "आबा, दोन वर्षं म्या चटणीभाकरीवर काढली त्या भोकासाठी. तवा सरकार कुठं हुतं?"

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. आबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला.

"सरकार कुठं हुतं सांगू? म्या आठ वर्षांचा हुतो. तुझी आजी वरच्या आळीच्या विहिरीवर जाऊन खाली बसायची. वरनं कुणी वतलं तर घागर भरायची. न्हाय वतलं तर रिकामी यायची. दिस-दिसभर बसायची. आन मग एक दिस कलेक्टर आला. जीपमधनं उतरला, आमच्या हातात पोहरा दिला आन म्हणाला, काढा पाणी. सोबत पोलीस. त्या दिवशी पयल्यांदा आमी आमच्या हातानं पाणी काढलं. ती विहीर कुणाची हुती म्हाईत हाय? पाटलाची. खाजगी. तुझ्या बोअरीसारखी."

मी त्यांच्यासमोर ओट्यावर टेकले.

"आबा, पाटील आजीला अडवत हुता तो एकटा का? अख्खा गाव त्याच्या मागं उभा हुता. कुणी पैसं देतो म्हणलं असतं तरी दिलं नसतं. कुणी दुसरी विहीर खणली असती तर हात मोडलं असतं. माझ्या तोटीवर वरच्या आळीच्या बाया रांगेत उभ्या राहतात, आपल्या बायांच्या मागं. कुणी त्यांना सांगितलं का? घागर भरती म्हणून राहतात. आन आज शिक्का कुणाच्या हातात हाय? त्याच पाटलाच्या नातवाच्या. रणधीरच्या."

"त्याच्या न्हाय. सरकारच्या."

"बगा मग आठ दिवसांत, कुणाच्या ते."

आबा म्हणाले, "ज्याच्याकडं तीन रुपयं न्हाईत, त्यानं काय करायचं?" आणि उठून आत गेले. त्यांना पुतळामावशीचं माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. त्या रागात मला वाटलं, का सांगू?

दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं. फुकट. ग्रामपंचायतीनं माझ्या बोअरवरून पाईप टाकून चौकातल्या टाकीत नेला. नारळ फोडला, फोटो काढला, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्यात आबाही उभे आहेत, टोपी नीट करून.

मी गौरीशंकरला एकदा शेवटचं सांगितलं. पेटीजवळ उभी राहून, शक्य तितक्या शांतपणे सांगितलं. "वीस मिनिटं चालवा, दोन तास बंद ठेवा. पाणी तुटल्याचा आवाज आला की लगेच बंद करा. न्हायतर मोटार जळल आन बोअर बसंल."

"आमचा ऑपरेटर आहे," तो म्हणाला.

ऑपरेटर म्हणजे रणधीरचा चुलतभाऊ. तो वीज आली की बटण दाबायचा आणि घरी जाऊन झोपायचा. वीज गेली की मोटार बंद. बोअर भरते की आटते, त्याचं त्याला काय? पगार सारखाच.

पहिल्या आठवड्यात सगळे खूश होते. लिंबाजी म्हशी धुवायला लागला, आता चौकात टाकीजवळच. अंगणात सडे पडायला लागले. एकानं मोटारसायकल धुतली, ती बघून चौघांनी धुतल्या. फुकट म्हटल्यावर उद्यासाठी ठेवायचं कुणाला सुचणार? आपण नाही घेतलं तर शेजारी घेणार, एवढंच प्रत्येकाला कळत होतं. शांतलिंगचा ट्रॅक्टर तिसऱ्या दिवशी यायचा बंद झाला. मी त्याला रस्त्यात विचारलं.

"ताई, फुकटाच्या शेजारी म्या काय इकू?" तो म्हणाला. "डिझेल काय सरकार घालतंय?"

बाराव्या दिवशी मला खरी गोष्ट दिसली. गावाच्या वरच्या टोकाला नवं सभागृह बांधायला घेतलं होतं, ग्रामपंचायतीचं. स्लॅब नुकताच टाकला होता. त्याच्यावर घोटाभर मातीची आळी करून पाणी भरलेलं. प्यायचं पाणी. माझ्या बोअरचं. चौकातल्या टाकीच्या आधीच पाइपाला एक जोड काढला होता आणि तो थेट स्लॅबवर गेला होता. गवंडी विडी ओढत नळी फिरवत होता.

मी रणधीरच्या दारात जाऊन ओरडले. लोक गोळा झाले.

"प्यायच्या पाण्यावर स्लॅब भिजवतोस? टंचाई हाय म्हणून घेतलं ना?"

"सभागृह गावाचंच हाय," रणधीर म्हणाला. "मार्चअखेरला आलेला निधी हाय, काम थांबवता येत न्हाय. म्या काय माझ्या घराला पाणी मारतोय का?"

आणि जमलेल्या वीस-पंचवीस माणसांतला एकही बोलला नाही. माझ्याकडं अर्ध्या रुपयासाठी भांडणारी हीच माणसं. माझ्याशी भांडता येत होतं, तोटी माझी होती. इथं पाणी सगळ्यांचं होतं, म्हणून कुणाचंच भांडण नव्हतं. लिंबाजी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. त्या दिवशी रणधीरपेक्षा मला त्या गप्प माणसांचा राग जास्त आला.

परत येताना पुतळामावशी चौकात बसलेली दिसली. घागर पालथी.

"मावशी, पाणी न्हाय मिळालं?"

"सुटतंय कवा, कळत न्हाय बाय. सुटलं की तरणी पोरं डरम घेऊन पळत येत्यात. म्या जाऊस्तवर संपतंय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "परवापासनं शेजारणीचं उसनं पीतीया."

मी तिची घागर घेतली, घरी नेली, आमच्या माठातलं पाणी तिच्यात ओतलं. आबा बघत होते. "कुणाला?" त्यांनी विचारलं.

"पुतळामावशीला. रोज दोन घागरी देत हुते म्या. फुकट. तुमच्या फुकट पाण्यात तिला घोटभर मिळंना."

दुसऱ्या दिवशी काठी टेकत आबा स्वतः चौकात गेले आणि दुपारभर टाकीजवळ उन्हात बसले, मावशीची घागर पायापाशी ठेवून. दोन पोरांनी त्यांना बाजूला सारलं. परत आले तेव्हा घागर अर्धी होती आणि सदरा खांद्याला फाटला होता.

एकोणिसाव्या दिवशी तोटीतून आधी गढूळ पाणी आलं, मग फेस, मग नुसती हवा. ऑपरेटर झोपला होता. मोटार तासभर कोरडी फिरली असेल. मला घरात बसून तो आवाज ऐकू येत होता. पेटीला दुसऱ्याचं कुलूप होतं. मी दगड घेऊन ते फोडलं आणि मोटार बंद केली, पण तोवर पेटीतून जळल्याचा वास यायला लागला होता.

संध्याकाळी रणधीर आणि गौरीशंकर दोघं घरी आले. या वेळी दोघंही दारात चपला काढून.

"ताई, कुलूप फोडल्याचं मी काही लिहीत नाही," गौरीशंकर म्हणाला. "तालुक्यात मोटार भरणाऱ्यांकडं आठ दिवसांची रांग आहे. तुम्हीच काढून भरून दिली तर बिल लावू आपण."

मी हसले. मला खरंच हसू आलं, आणि ते माझं मलाच घाण वाटलं.

"माझी मोटार तुमी जाळायची, म्याच भरायची, आन बिल मंजूर व्हायची वाट बघायची?"

"गाव तहानलंय," रणधीर म्हणाला. "माणुसकी म्हणून तरी..."

"माणुसकीचं नाव काढू नको, रणधीर. स्लॅबला पाज माणुसकी." मी उभी राहिले. "आधी ताबा सोडल्याचा कागद. आत्ता, इथं, दोघांच्या सहीचा. मग मोटार वर काढीन. बिल नको तुमचं."

मला वाटलं होतं वाद होईल. झाला नाही. गौरीशंकरनं तिथंच, आमच्या ओट्यावर बसून, पाचच मिनिटांत लिहून दिलं: पाणी उपलब्ध नसल्यानं सदर विंधन विहिरीचं अधिग्रहण रद्द करण्याची शिफारस करण्यात येत आहे. घेताना किती तातडी होती! कोरडं भोक मात्र सरकारला एक मिनिटही नको होतं.

दुसऱ्या दिवशी बोअरवर तीन पायांची घोडी लावून मोटार वर काढली. शांतलिंग मदतीला आला, मी बोलावलं नव्हतं. आतल्या तारेचं वायंडिंग कोळशासारखं काळं. ते काढून नवीन भरायला मला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत सरकारी टँकर एकदा आला. झुंबड उडाली आणि लिंबाजीच्या बायकोचा हात मोडला. शांतलिंगचा ट्रॅक्टर पुन्हा सुरू झाला, चार रुपये घागर. कुणी त्याची लाज काढली नाही.

मोटार पुन्हा बोअरमध्ये सोडली. खाली पाणी फार उतरलं होतं. नऊ मिनिटं चालली आणि आवाज बदलला. मी बंद केली. वीसची नऊ. बोअर माझी परत आली, पण तिच्यातलं जे गेलं ते कुठल्या कागदानं परत येणार होतं? भाड्याचा एक पैसाही आला नाही. मी मागायलाही गेले नाही, कारण त्या दारात पुन्हा उभी राहिले असते तर काय बोलून बसले असते सांगता येत नाही.

मी पाटीवर पाच रुपये लिहिलं.

पहिल्याच सकाळी रांगेत रणधीरचा तोच चुलतभाऊ उभा होता, दोन ड्रम घेऊन. "ग्रामपंचायतीच्या नावावर लिही," म्हणाला.

"घागरीला पाच रुपयं. ड्रम भरत न्हाय. घागर घेऊन ये, मागं उभा रहा."

"सरपंचाला सांगू का?"

"सांग. त्याला बी घागर घेऊन यायला सांग."

तो शिव्या देत गेला आणि अर्ध्या तासानं घागर घेऊन आला. मी भरून दिली. हात धरून त्याला हाकलून द्यावं असं वाटत होतं, पण पैसे मोजून दिले होते त्यानं.

आबा त्या दिवशी तोटीजवळ खाट टाकून बसले. पुतळामावशी आली तेव्हा त्यांनी स्वतः तिच्या घागरी भरल्या. रांगेतल्या कुणी काही म्हटलं नाही. दुपारी गर्दी ओसरल्यावर ते म्हणाले, "श्रावस्ती, एक सांगू? त्यांनी नासाडी केली, कबूल. पण म्हणून पाच रुपयं बरोबर ठरत न्हाईत. उद्या तुझ्याजागी दुसरा कुणी बसला, अन त्यानं पुतळीला हाकलली, तर?"

"तर शांतलिंगकडं जाईल ती. न्हायतर तिसऱ्याकडं. हाकलणारा एकच असला म्हणजे तिचं मरण हाय, आबा. मग तो पाटील असू दे न्हायतर तहसील."

"तिसरा कुठाय?"

तिसरा नव्हता. ते खरं होतं, आणि मला त्याचाही राग आला.

"लिंबाजी बोअर घ्यायचं म्हणत हुता," मी म्हणाले. "आता म्हणतोय, घेऊन काय करू, पाणी लागलं की शिक्का मारून नेतील."

आबांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. ते अजूनही म्हणतात, कलेक्टर आला नसता तर तू आज मोटार भरायला शिकली नसतीस. मी म्हणते, आला ते चांगलं झालं, पण पोहरा हातात देऊन तो परत गेला, विहीर घेऊन गेला नाही. त्यावरून आमची अजून भांडणं होतात, जेवताना, कपडे वाळत घालताना.

दोन तास झाले होते. मी उठून बटण दाबलं. आबा खाटेवरून मोटारीचा आवाज ऐकत होते, मी घड्याळ बघत होते. नवव्या मिनिटाला त्यांनीच हात वर केला, आणि मी बंद केली.